काळं लोखंड

प्रिय चिमटी,

फोनवर मी काय बोलतो ते तुला ठाऊकच आहे. जेवलीस का, जावयाचा खोकला कसा आहे, तिकडे ऊन फार आहे का, आणि मग लगेच, थांब, आईला देतो. आईला एका शब्दापलीकडे बोलता येत नाही हे तुलाही माहीत, मलाही माहीत, तरी फोन तिच्या कानाला लावला की मी सुटलो. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. शाळेत आमचे गुरुजी माझ्या निबंधाखाली शेरा मारायचे, विषय सायकलीचा दिला तरी हा मुलगा नदीकाठी जाऊन बसतो. आजही बसेन कदाचित. पण शेवटी सायकलीपाशी येईन, तेवढा धीर धर.

परवा तू पुन्हा विचारलंस, आईला माझ्याकडे घेऊन येऊ का. मी पुन्हा नाही म्हटलं. तू दुखावलीस, ते तुझ्या 'बरं'वरून कळलं. तुझ्या आईचं 'बरं' अगदी तसंच असायचं, दाराला हात न लावता दार आपटल्यासारखं. तुझं घर लहान आहे, तुला नोकरी आहे, तिला परकं वाटेल, अशी कारणं मी दिली. ती सगळी खरी आहेत आणि त्यातलं एकही खरं कारण नाही.

घरामागची भट्टीची शेड तशीच आहे. पत्र्याला भोक पडलंय तिथून दुपारी उन्हाचं एक नाणं ऐरणीवर पडतं आणि सरकत सरकत कोळशाच्या पिंपापर्यंत जातं. मी कितीतरी दुपारी त्या नाण्याचा प्रवास बघत बसलोय. भिंतीवर सांडश्या उंचीप्रमाणे टांगलेल्या आहेत, कवायतीला उभ्या राहिलेल्या मुलींसारख्या, आणि रांगेच्या अगदी शेवटी तुझा तो वीतभर चिमटा, ज्याच्यावरून तुझं नाव पडलं. तू नुकती चालायला लागली होतीस. दुसरी कोणी आई असती तर तिने शेडला कडी घातली असती. तुझ्या आईने माझ्याकडून हा चिमटा घडवून घेतला आणि तुला सांगितलं, इथलं काहीही हाताने उचलायचं नाही, उचलायचं ते याने. 'लाल लोखंडाला कोणीही भितं,' ती म्हणायची, 'तू काळ्याला भी. काळं गार दिसतं आणि कातडं घेऊन जातं.' मग तू घरभर तो चिमटा घेऊन हिंडलीस. खोडरबर, चपला, माझा चष्मा, आणि एकदा झोपलेल्या मांजराचं शेपूट. मांजर त्या दिवशी शेजारच्या शिंप्याकडे राहायला गेलं ते परत आलंच नाही.

मी वखारीत करवतींना धार लावणारा माणूस. तुटलेल्या पट्टाकरवतीचे तुकडे भंगारात जायचे, ते मी मागून घरी आणायचो. त्या पोलादात निकेल असतं, आम्लात बुडवलं तरी ते पांढरंच राहतं. जुन्या कानशींचं पोलाद मात्र काळं पडतं. दोन्हींचे तुकडे एकाआड एक रचायचे, तापवून, ठोकून एकजीव करायचे, दुमडायचे, पुन्हा एकजीव करायचे. शेवटी घासलेलं पातं आम्लात सोडलं की आतल्या थरांच्या लाटा वर येतात. लोक त्याला दमास्कस म्हणतात. मी नदी म्हणायचो. तुझी आई 'तुमचं खूळ' म्हणायची.

दोन पोलादं एकमेकांना धरतात ती घटका फार छोटी असते. थर धरावेत म्हणून वर पसरलेला टाकणखार वितळून मधासारखा चकाकायला लागतो, रंग पिवळ्याकडून पांढऱ्याकडे झुकतो, तेव्हा. जरा आधी मारलं तर थर नुसते शेजारी बसतात, एक होत नाहीत. जरा उशीर झाला की ठिणग्या फुटतात आणि पोलाद जळून जातं. मला नेहमी उशीर व्हायचा. भट्टीत बघता बघता मला शाळेतली एखादी कविता आठवायची. आम्ही बाकं बडवत म्हणायचो ती होडीची, किंवा ती आजारी मुलाची, जी म्हणताना आमचा वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा खिडकीबाहेर बघायचा. मी दुसऱ्या कडव्यात असताना लोखंड जळायला लागायचं. आमचं लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. तुझी आई चहा घेऊन आली, दारात थांबली आणि म्हणाली, 'अहो कविराज, तुमचं कडवं संपेपर्यंत थांबणार आहे का ते?' मग जरा वाकून भट्टीत बघितलं आणि म्हणाली, 'आता.' मी मारलं. लागलं. दोन्ही पोलादं अशी एकजीव झाली की मला वाटलं हातोडा माझा नव्हेच.

त्या दिवसापासून दारातलं स्टूल तिचं. ती मटार सोलत बसायची, अर्धं लक्ष मटारावर, अर्धं भट्टीवर, आणि मला निश्चिंत कविता म्हणू द्यायची. तुला कसं कळतं, असं विचारलं तर म्हणायची, 'दूध उतू जायच्या आधी कळतं तसं. त्यात काय आहे एवढं?' मी पुढे तिच्या त्या एका शब्दावरच हातोडा उचलत गेलो. घरातही तेच. वखारीतली नोकरी सोडली ती तिने 'आता' म्हटल्यावर. तुझ्या लग्नाला मी तोंड फुगवून बसलो होतो, तेव्हा तिने मागून हळूच 'आता' म्हटलं आणि मी उठून जावयाचा हात हातात घेतला. तुला वाटतं बाबा आपणहून उठले.

मागच्या थंडीत तिच्या मेंदूत रक्त अडकलं तेव्हा तू धावत आलीस, सगळं डोळ्यांनी पाहिलंस. उजवी बाजू गेली, त्यातली थोडी परत आली. शब्द गेले, त्यातला एक परत आला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादाच शब्द उरतो, आणि कोणता उरेल ते सांगता येत नाही. कोणाचा देव उरतो, कोणाची शिवी. तुझ्या आईचं 'आता' उरलं. तू खोलीबाहेर जाऊन रडलीस. मी आतच राहिलो, आणि तुला म्हणून सांगतो, मी सुखावलो होतो. आयुष्यभर ती किती बोलली, दुकानदारांशी, तुझ्याशी, शेजारणींशी, झाडांशी, आणि एवढ्या सगळ्यातून जो शब्द टिकला तो माझ्यासाठी म्हटलेला. मला ते एखाद्या कवितेच्या शेवटच्या ओळीसारखं वाटलं. म्हातारपणी अक्कल वाढते म्हणतात, ती कोणाची वाढते कोण जाणे.

मग तू गेलीस आणि त्या शब्दाबरोबर राहायला मी एकटा उरलो. तहान लागली की आता. उशी टोचली की आता. खिडकीवर पक्षी बसला, दिवा गेला, पाठ भरून आली, सगळ्याला आता. शिंपी चौकशीला आला होता, त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली, आता. तो मला बाहेर येऊन म्हणतो, 'काका, मी एवढा घाबरलो की टेप काढून मापच घेणार होतो काकूंचं.' आम्ही दोघं हसलो. आतून पुन्हा आवाज आला, आता. तो लगेच घरी गेला. मी आत जाऊन पाणी दिलं, ते नको होतं. पांघरूण दिलं, तेही नको. खिडकी उघडली, बंद केली. शेवटी तीच दमली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. असे दिवस गेले, चिमटी. तू विचारायचीस, आई कशी आहे, आणि मी म्हणायचो, मजेत.

एक गोष्ट मात्र चांगली चालली होती. तिच्या उजव्या हाताची बोटं मिटतात, पण आपली आपण उघडत नाहीत. व्यायाम करून घ्यायला बाई यायच्या, त्यांनी बजावून सांगितलं होतं की त्या हाताला धड स्पर्शही कळत नाही, गरम काही असेल तर आधी तुम्ही बघा. सकाळी चहाचा कप तिला त्याच हातात धरायचा असे. हट्टच होता. मी आधी चहा निववायचो. चहा संपला की मी समोर बसून करंगळीपासून एकेक बोट उकलायचो आणि प्रत्येक बोटाला कवितेची एक ओळ म्हणायचो. अंगठा सुटेपर्यंत कडवं पुरं व्हायचं आणि कप माझ्या हातात यायचा. ती अर्ध्या ओठांनी हसायची. दिवसभरात तेवढंच एक काम मला बिनचूक जमायचं.

थंडी सरल्यावर मी तिला पुन्हा शेडच्या दारात बसवलं, स्टुलावर नाही, हातांच्या खुर्चीत. मला वाटलं, शब्द जिथे जन्माला आला तिथे त्याला नेलं तर त्याच्या मागून बाकीचेही येतील. तुझ्या नव्या स्वयंपाकघरासाठी एक सुरी करायची होती. तुकडे रचले, तारेने बांधले, भट्टी पेटवली. तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला तसा तो चेहरा जुना झाला, म्हणजे पूर्वीचा झाला. या खेपेला मी कविता म्हणत नव्हतो, डोळ्यांत तेल घालून बघत होतो. लोखंड नुसतं केशरी झालं होतं, पिवळं व्हायला अवकाश होता, टाकणखार अजून मधासारखा चकाकत नव्हता. आणि ती म्हणाली, 'आता.'

मला दिसत होतं की ही वेळ नव्हे. मी मागे वळून पाहिलं. ती पुढे वाकली होती, डोळे भट्टीवर, मान जराशी तिरकी, हुबेहूब तशीच. 'आता,' ती पुन्हा म्हणाली. मी काय करायला हवं होतं सांग. थांबलो असतो तर पोलाद वाचलं असतं, आणि तिला कळलं असतं की मी तिचं ऐकायचं सोडलं. मी लोखंड बाहेर काढलं, ऐरणीवर ठेवलं आणि मारलं. आवाज बद्द आला. लागलेल्या लोखंडाचा आवाज वेगळा असतो, तुलाही कळायचा लहानपणी. ती मात्र खुर्चीत मागे टेकून बसली, काम झाल्यासारखी. नंतर दर वेळी लोखंड तापवलं की असंच चाललं. ती म्हणेल तेव्हा मी मारत गेलो, कधी फार आधी, कधी नशिबाने वेळेवर. कडा धरल्या, पट्टी वरून एकसंध दिसू लागली. आतलं कोण बघतं. कित्येक दिवसांनी ती त्या संध्याकाळी पोटभर जेवली.

आता मागच्या आठवड्यातली दुपार. मी तुला फोनवर सांगितलं होतं की चहा सांडला आणि हाताला जरा चटका बसला. तसं झालं नव्हतं.

तुझी सुरी घासून, पाणी देऊन तयार होती. तिच्या जोडीला एक लहान सुरी करावी म्हणून दुसरी पट्टी तापवून ठोकली होती आणि ती ऐरणीवर निवत ठेवली होती. लाली जाऊन ती काळी झाली होती. मी कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून, तुझी सुरी आम्लाच्या तबकात सोडली. लाटा वर यायला लागल्या. पांढरी रेघ, काळी रेघ, वळणं, भोवरे, आणि त्या सगळ्याच्या मधून आरपार गेलेली एक सरळ काळी रेघ, केसासारखी, जी नदीची नव्हती. थर धरलेच नव्हते तिथे. होणार हे माहीत होतं, तरी बघत राहिलो. मागून तिचा आवाज आला, 'आता.' मी म्हटलं, 'हो, आलो.' ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा हो म्हटलं. किती वेळा म्हणाली ते मला सांगता येणार नाही. आवाज चढला नव्हता, त्यात घाई नव्हती, आणि तोवर मी प्रत्येक आताला वळून बघायचं सोडलं होतं. ते मला कोणी शिकवलं नाही. दमलेला माणूस आपोआप शिकतो. वास आला तेव्हा मी वळलो.

ती ऐरणीपाशी उभी होती. खुर्चीतून ऐरण चार पावलांवरही नाही, आणि धरून धरून तेवढं ती चालते. पट्टी काळी पडली की ती उचलून परत भट्टीत सारायची, हे काम पूर्वी तिचंच होतं, सांडशीने. तेच करायला उठली असणार, मला मदत करायला. उजव्या मुठीत काळं लोखंड होतं आणि मूठ उघडत नव्हती. तोंडावर वेदना नव्हती. त्या हाताला दुखतच नाही काही. ती नुसती माझ्याकडे बघत होती, मी येऊन बोटं सोडवीन म्हणून थांबली होती, सकाळी कप धरून थांबते तशी. मी सांडशीने लोखंड धरलं आणि मग करंगळीपासून एकेक बोट उकललं. ओळ कुठलीच आठवली नाही.

नर्स रोज येऊन हाताची पट्टी बदलते. डॉक्टर म्हणतात, जखम भरेल, पण आता ती मूठ पुरती उघडेल अशी आशा धरू नका. ते माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. भट्टी विझवली आहे. तुझी सुरी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली, ती तू मागू नकोस. दिसायला सुंदर आहे, आणि एक दिवस भाजी चिरताना तुझ्या हातात दुभंगेल.

आणि आता सायकलीपाशी आलो. त्या दुपारपासून तुझी आई माझ्याशी बोललेली नाही. तो एक शब्दसुद्धा नाही. सकाळी कप डाव्या हातात घेते आणि आपला आपण खाली ठेवते. तहान लागली तरी गप्प, पाठ दुखली तरी गप्प. मी समोर बसून वाट बघतो, दिवस मावळतो. मी समजूत घातली की तोही शब्द गेला, डॉक्टरांना विचारायचं ठरवलं होतं. मग परवा तुझा फोन आला. सवयीने मी तो तिच्या कानाला लावला. तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही, पण ती म्हणाली, 'आता.' अगदी स्वच्छ. तू तिकडे हसलीस आणि ती पुन्हा म्हणाली. शब्द आहे, चिमटी. तो माझ्यासाठी उरलेला नाही, एवढंच. त्यानंतर फोन माझ्याकडे आला, तू विचारलंस आणि मी नाही म्हटलं, कारण ती गेल्यावर या घरात मला कोणीच काही सांगणार नाही. पण ती इथे राहिली तर तिचा तो शेवटचा शब्दही वापराविना मरेल. म्हणून हे पत्र. ये आणि तिला घेऊन जा. मलाही ये म्हणशील, म्हणू नकोस. मी समोर असलो की ती ओठ मिटते. तिची पिशवी भरून ठेवली आहे. कपड्यांच्या वर तुझा चिमटा आहे, गंज काढून तेल लावलंय. तो तुझ्या ओट्याशी टांग, म्हणजे तिच्या हातापासून काय दूर ठेवायचं ते तुझ्या ध्यानात राहील. तिने तुला जपलं तसं तिला जप. ती 'आता' म्हणाली की तुला अर्थ कळणार नाही, मलाही कळला नाही. तू तो शोधत बसू नकोस. हातातलं खाली ठेव आणि वळून बघ. दर वेळी.

तुझाच, अजून त्या नदीकाठीच बसलेला,
बाबा